रूट ६६, मोहावे वाळवंट आणि १९५०च्या दशकातली सहकुटुंब मोटार: नेमकं काय बिघडायचं आणि का?

घाटवाट

रूट ६६ (शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणारा अमेरिकेतला जुना हमरस्ता) म्हटलं की निऑनच्या पाट्या आणि क्रोमनं चकाकणाऱ्या गाड्यांचेच फोटो फिरतात. पण त्या गाडीत आईवडील, मागच्या सीटवर तीन पोरं आणि टपावर बांधलेलं सामान घेऊन लोक जुलैमध्ये मोहावे वाळवंट पार कसं करायचे, याची तांत्रिक बाजू मराठीत कुठे वाचायला मिळत नाही. हा धागा त्यासाठी.

हद्द आखून घेऊ. कॅलिफोर्नियातलं, कोलोरॅडो नदीकाठचं नीडल्स ते बारस्टो, साधारण दीडशे मैल. वाटेत एसेक्स, चेंबलेस, अँबॉय, बॅगडॅड, लडलो, न्यूबेरी, डॅगेट. काळ दुसरं महायुद्ध संपल्यापासून १९६० पर्यंतचा. (१९७३मध्ये आय-४० हा नवा हमरस्ता उघडला आणि अँबॉयची रहदारी जवळपास एका दिवसात आटली, तो विषय वेगळा.)

नकाशापेक्षा उंचीचा हिशेब महत्त्वाचा. नीडल्स सुमारे ५०० फुटांवर. गाव सोडलं की लगेच चढ, थेट २,७०० फुटांच्या आसपास. मग उतरत उतरत अँबॉयला ६५० फुटांच्या खाली, आणि तिथून लडलो करत बारस्टोला पुन्हा २,१०० फूट. म्हणजे सगळ्यात वाईट चढ अगदी सुरुवातीला, तोही जुलैत सरासरी कमाल तापमान ४२-४३ अंश असणाऱ्या गावातून बाहेर पडताना. दुपारी बाराला नीडल्समध्ये जेवून, टाकी भरून निघालेली गाडी पहिल्या वीस मैलांतच वाफ सोडू लागे, ती यामुळे.

माझं म्हणणं असं की त्या काळच्या गाड्या वाळवंटात चालताना फारशा बिघडत नसत. त्या बिघडत थांबल्यावर, किंवा चढावर वेग पडल्यावर. पन्नास मैलांच्या वेगात रेडिएटरला हवा आयती मिळते. गाडी थांबली की पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, पण लोखंडाच्या ब्लॉकमधली उष्णता जाणार कुठे? ती बॉनेटखालीच कोंडते.

जाणकारांनी भर घालावी.

तेलकट_हात

विषय आवडता आहे, जरा सविस्तर लिहितो.

थांबल्यावर गाडी परत सुरू न होण्याला सगळे सरसकट ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. प्रत्यक्षात ते दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

पहिला, खरा व्हेपर लॉक. त्या काळचा फ्युएल पंप यांत्रिक, इंजिनलाच बोल्टनं बसवलेला, कॅमशाफ्टवर चालणारा. टाकी मागे, पंप पुढे. म्हणजे पंपाला पेट्रोल ओढून आणावं लागतं. ओढताना नळीतला दाब वातावरणापेक्षा कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल आणखी कमी तापमानाला उकळतं. त्यात पंप स्वतःच गरम. नळीत वाफ झाली की पंपाचा पडदा वरखाली होत राहतो, पण वाफ नुसती दबते आणि फुगते, द्रव पेट्रोल पुढे सरकतच नाही. लक्षण: गाडी चढावर आधी आचके देते, मग मरते. कार्बोरेटर (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनला देणारा भाग) कोरडा.

दुसरा, पर्कोलेशन. गाडी व्यवस्थित आली, पेट्रोल भरायला थांबली, दहा मिनिटांनी सुरू होईना. इथे कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून जेटमधून (बारीक भोकातून) मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांमध्ये, सांडलेलं असतं. इंजिन कोरडं नसतं, उलट ओलं झालेलं असतं. कार्बोरेटर इनटेक मॅनिफोल्डवर बसलेला आणि खाली एक्झॉस्टची धग, मग दुसरं काय होणार?

उपाय. व्हेपर लॉक असेल तर पंपावर आणि पंपाकडे येणाऱ्या नळीवर ओलं फडकं गुंडाळायचं आणि ते ओलं ठेवायचं. पाच-दहा मिनिटांत पंप पेट्रोल उचलतो. पर्कोलेशन असेल तर ॲक्सिलरेटर तळाशी दाबून *धरून ठेवायचा* आणि स्टार्टर मारायचा. पायानं पंपिंग अजिबात करायचं नाही. प्रत्येक दाबाला ॲक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल आत फेकतो आणि आधीच ओलं इंजिन बुडतं. घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो, आणि मग बॅटरी जाते.

बॅटरीवरून आठवलं. शेव्हरोलेट १९५५ला आणि फोर्ड १९५६ला १२ व्होल्टवर गेल्या. त्याआधीच्या ६ व्होल्टच्या. तेवढ्याच ताकदीला ६ व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो, म्हणून स्टार्टरची केबल जाडजूड हवी आणि टोकं घासून स्वच्छ हवीत. बदलताना कुणी १२ व्होल्टची बारीक केबल टाकली असेल तर इंजिन थंड असताना एक वेळ चालून जाईल. तापलेल्या इंजिनवर स्टार्टर कण्हत राहतो आणि दोष पेट्रोलवर जातो.

मृगजळ

वाचतोय. एक शंका: पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेले जुन्या फोटोत दिसतात. त्याचा खरंच उपयोग व्हायचा का?

तेलकट_हात

मानसिक उपयोग नक्की व्हायचा. :) लाकूड उष्णतेचं वाईट वाहक, चिमट्यांचं वस्तुमान किरकोळ. नळीतली उष्णता ते ओढून काढतील कशी? चिमटे लावायला गाडी पंधरा मिनिटं उभी राहायची, तेवढ्यात पंप निवायचा, श्रेय चिमट्यांना. नळीवर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळणं त्यापेक्षा बरं, एक्झॉस्टची धग थोडी तरी परतवते. पण ओल्या फडक्याला तोड नाही. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्यात आठ लिटर पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवता येईल.

जुनं_लोखंड

घाटवाट यांच्या मुद्द्याशी सहमत, पण रेडिएटरला इतकं सहज सोडू नका. चालत्या गाडीतही पाणी उकळायचं, विशेषतः फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८मध्ये (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं जुन्या धाटणीचं आठ सिलिंडरचं इंजिन). त्या इंजिनात एक्झॉस्टच्या वाटा ब्लॉकमधून, पाण्याच्या जॅकेटमधूनच बाहेर काढल्या होत्या. म्हणजे जी उष्णता सरळ सायलेन्सरमधून जायची ती आधी रेडिएटरच्या पाण्याला तापवून जाते. म्हणून त्याला २० लिटरच्या आसपास पाणी लागायचं, आणि तेही उन्हाळ्यात पुरेल याची खात्री नाही.

दाबाची कॅप, म्हणजे रेडिएटरचं दाब धरून ठेवणारं झाकण, हा कळीचा भाग. उघड्या रेडिएटरमध्ये समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, आणि साडेतीन हजार फुटांवर साधारण ९६ला. कॅपनं धरलेल्या दर पाउंड (चौरस इंचामागे) दाबाला उत्कलनबिंदू दीड अंशाहून थोडा जास्त चढतो. ४ पाउंडांची कॅप असेल तर सहा-साडेसहा अंशांची, ७ पाउंडांची असेल तर अकरा-बारा अंशांची सवड. कॅपचं रबर चिरकलं की ही सगळी सवड शून्य. नीडल्सच्या आधी बदलायची सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे ती कॅप.

निघण्यापूर्वी काय तपासायचे, तर:

फॅन बेल्ट: अंगठ्यानं दाबला तर अर्धा इंच दबावा. जास्त ढिला असेल तर चढावर घसरतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात. जादा बेल्ट डिकीत हवाच.

खालचा होज पाइप: हा पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रबर आतून सडलं की वेगात चपटा होतो आणि पाणी अडतं. गाडी उभी असताना मात्र अगदी धडधाकट दिसतो, म्हणून चुकतो. हातानं दाबून पाहावा. लिबलिबीत लागला तर टाकून द्यावा.

रेडिएटरची जाळी: किडे, पिसं, गवताचं बी. पाण्याची धार इंजिनच्या बाजूनं पुढे मारायची, म्हणजे कचरा आला तसा बाहेर जातो.

अँटिफ्रीझ: हिवाळ्यात घातलेला स्वस्तातला मिथेनॉलचा अँटिफ्रीझ ६५ अंशांनाच उकळतो. तो तसाच ठेवून वाळवंटात उतरणं म्हणजे उकळी आमंत्रण देऊन बोलावणं. पूर्ण काढून साधं पाणी आणि गंजरोधक.

इग्निशन टायमिंग: ठिणगी उशिरा पडत असेल तर इंजिन ताकद कमी देतं आणि उष्णता जास्त. रेडिएटर तीनदा धुऊनही गाडी तापत असेल तर इथे पाहा.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेटत नेण्यापेक्षा दुसरा टाकलेला चांगला. इंजिनचे फेरे वाढले की पंप आणि पंखाही जोरात फिरतात. काटा वर जाऊ लागला तर हीटर पूर्ण सुरू करायचा. ४३ अंशांत हीटर लावायचा म्हटल्यावर मागच्या सीटवर बंड होईल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच.

आणि उकळलंच तर: गाडी वाऱ्याच्या तोंडाला उभी करायची, इंजिन *बंद न करता* जरा चढ्या फेऱ्यांवर ठेवायचं, पाणी अगदीच संपलं नसेल तर. कॅपवर जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायची, वाफ जाऊ द्यायची, मग उघडायची. पाणी धार धरून, हळूहळू, इंजिन चालू ठेवून. बंद, कोरड्या, तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी भसकन ओतलं तर ब्लॉकला किंवा हेडला तडा जातो आणि सहल तिथेच संपते.

अवांतर: मागून वारा असेल तर गाडी जास्त तापते हे लोकांना पटत नाही. चाळीसच्या वेगात वीसचा वारा पाठीमागून आला की रेडिएटरला मिळतो फक्त वीसचा झोत. पश्चिमेकडचा वारा असताना पूर्वेकडे परतणाऱ्यांना हा अनुभव यायचा.

वैदर्भी

सगळं इंजिनवर चाललंय, माणसांचंही बघा जरा. :)

थर्मॅडॉर वगैरे कंपन्यांचे खिडकीत अडकवायचे ‘कार कूलर’ त्या काळात खूप चालायचे. दिसायला लांबट पिंप, डावीकडे ड्रायव्हर म्हणून कूलर उजव्या खिडकीत, काच वर सरकवून पक्का बसवायचा. आत साधारण एक गॅलन पाणी आणि लाकडाच्या भुश्शाच्या लांब तारांची गादी. गाडीच्या वेगानं हवा तोंडातून आत शिरते, ओल्या गादीतून जाते आणि गार होऊन आत येते. गादी सुकली की दोरी ओढायची, ती फिरून पाण्यात बुडते. वीज लागत नाही, मोटर नाही.

तत्त्व आपल्या नागपूरच्या वाळ्याच्या कूलरचंच. मे महिन्यात तो नागपुरात काम करतो आणि मुंबईत निव्वळ दमटपणा वाढवतो, ते ज्या कारणानं, त्याच कारणानं हा मोहावेत चालायचा. ४३ अंश आणि १० टक्के आर्द्रता धरली तर ओल्या थर्मामीटरचं तापमान (पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते ते) २० अंशांच्या जवळ येतं. गादीनं त्यातलं निम्मं अंतर जरी कापलं तरी आत येणारी हवा ३१-३२ अंशांची.

आता यातल्या खोड्या:

मागची, विरुद्ध बाजूची काच दोन बोटं उघडी हवीच. सगळ्या काचा बंद केल्या तर ओली हवा बाहेर जात नाही आणि अर्ध्या तासात गाडीचा दमट कोंदट डबा होतो. लोक ‘गारवा टिकावा’ म्हणून नेमक्या काचा लावून घ्यायचे.

गाडी थांबली की कूलरही थांबला. वीस मैलांच्या खाली जेमतेम झुळूक.

दोरी उगाच सारखी ओढली की गादी ठिबकते आणि वाऱ्याबरोबर शिंतोडे शेजारी बसलेल्याच्या मांडीवर.

वाळवंटातलं पाणी क्षारांचं. ते उडून गेलं की क्षार गादीत राहतात, गादी कडक होते, हवा कमी येते. गादी बदलायची, धुऊन फार उपयोग नाही. पाणी साठवून गाडी उन्हात ठेवली तर दुसऱ्या दिवशी कुबट वास.

आणि उजव्या बाजूचं दिसत नाही, हे वेगळं सांगायला नको.

खरा एअर कंडिशनर पॅकार्डनं युद्धाआधीच देऊ केला होता, पण तो मोठ्या घरच्या लोकांसाठी. नॅशनं १९५४मध्ये सगळा संच पुढे बॉनेटखाली आणि डॅशबोर्डात बसवून ३४५ डॉलरला दिला, तेव्हा कुठे तो मध्यमवर्गाच्या नजरेच्या टप्प्यात आला. पेट्रोल २७ ते ३० सेंटला गॅलन होतं त्या काळात ३४५ डॉलर म्हणजे हजारभर गॅलनहून जास्त पेट्रोल. कूलरची गादी परवडायची.

मृगजळ

+१, हा हिशेब आवडला. आणि बंपरला टांगलेल्या त्या कॅनव्हासच्या पिशव्या? आपल्याकडे ट्रकला छागल टांगलेली असायची, तशाच ना?

वैदर्भी

त्याच. जाड विणीचं कापड, लाकडी किंवा धातूची बुचाची तोटी, वर दोरी. कापडातून पाणी झिरपतं, बाहेरच्या बाजूनं उडतं आणि आतलं गार होतं. नवी पिशवी आधी काही तास पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे धागे फुगून वीण घट्ट होते. न भिजवता भरली तर गळून अर्धी रिकामी होते आणि दुकानदाराला शिव्या. पहिल्या एक-दोन भरण्यांचं पाणी कापडाच्या वासाचं, ते रेडिएटरला.

पण टांगायची कुठे? फोटोत ती हमखास पुढे, जाळीसमोर दिसते. चढावर ती जागा सगळ्यात वाईट, कारण रेडिएटरची हवाच अडते. दाराच्या मुठीला किंवा बाजूला टांगावी. बाजूला टांगली तरी वारा लागतोच. जमिनीला टेकली की धूळ चिकटते आणि झिरपणं बंद.

घाटवाट

पाण्यावरून: अँबॉयमध्ये भूजल खारट. पिण्याचं पाणी रेल्वेच्या टाकीतून यायचं. म्हणून तिथल्या पंपावर रेडिएटरसाठी फुकट पाणी मागणं म्हणजे त्यांच्या घरातलं पाणी मागणं. एसेक्सला ऑटो क्लबच्या (मोटारवाल्यांच्या संघटनेच्या) विहिरीचं पाणी फुकट मिळे, आणि तिथे थांबून सगळी भांडी भरून घेणं हा शहाणपणा. पुढच्या बॅगडॅडची ख्याती अशी की तिथे ऑक्टोबर १९१२ ते नोव्हेंबर १९१४ सलग ७६७ दिवस पाऊस नव्हता; अमेरिकेतला तो विक्रम आहे.

माणशी दिवसाला किमान एक गॅलन पिण्याचं, आणि गाडीसाठी वेगळं पाच गॅलन. दोन्ही एकाच डब्यात नको, नाहीतर रेडिएटर उकळला की पोरांचं पाणी त्यात जातं.

ओली_माती

पाणी ‘पुरवून पिण्याच्या’ सवयीबद्दल लिहायलाच हवं. युद्धकाळात रॉचेस्टर विद्यापीठातल्या एडवर्ड ॲडॉल्फ यांच्या चमूनं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर प्रयोग केले. निष्कर्ष १९४७मध्ये प्रसिद्ध झाले. पाणी राखून ठेवल्यानं घाम कमी होत नाही, घाम शरीरातल्या पाण्यातून जातच राहतो. पाणी बाटलीत असलं काय आणि पोटात असलं काय, टिकायला ते पोटात जास्त उपयोगी. दुसरं, माणूस तहान लागेल तेवढंच प्यायला तर घामानं गेलेलं पाणी भरून निघत नाही. पोरांना दर अर्ध्या तासानं दोन घोट पाजायचे, मागोत न मागोत.

त्या काळी मिठाच्या गोळ्यांचं फार प्रस्थ होतं. पाणी पुरेसं नसताना त्या घेतल्या तर उलटी होते आणि होतं तेही पाणी जातं. सोबत खारे बिस्किट, लोणचं असेल तर गोळीची गरज पडत नाही.

आणि घामावरून: चालत्या गाडीत घाम दिसत नाही, कारण दिसायच्या आत उडतो. ‘मला तर घामच आला नाही’ म्हणणारा माणूस सगळ्यात जास्त धोक्यात.

बारा_आण्याची_वाट

एक बाजू राहतेय. ‘थांबायचं कुठे’ हा प्रश्न सगळ्या कुटुंबांना सारखा नव्हता. कृष्णवर्णीय कुटुंबाला मोटेलमध्ये खोली, उपाहारगृहात टेबल, काही पंपांवर संडाससुद्धा नाकारला जायचा. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांची मार्गदर्शिका १९३६पासून निघत होती ती यासाठीच: कुठे राहता येईल, कुठे खाता येईल. पण वाळवंटाच्या पट्ट्यात मुळात गावंच चार, त्यात खात्रीची जागा मिळायची मारामार.

याचा थेट परिणाम सामानावर. जादा पेट्रोलचा डबा, पूर्ण प्रवासाचं जेवण, अंथरूण, पोरांसाठी भांडं, सगळं बरोबर. म्हणजे गाडी जास्त जड, मागचे टायर जास्त दबलेले, चढावर इंजिन जास्त तापलेलं. वर दिलेले सगळे तांत्रिक प्रश्न या कुटुंबांना दीडपट. नागरी हक्क कायदा १९६४चा.

जुनं_लोखंड

चांगला मुद्दा. टायरचं सांगतो त्यावरून. आडव्या-तिरप्या दोऱ्यांचे बायस टायर, १९५५पर्यंत बहुतेक गाड्यांत आत ट्यूब. सकाळी थंड टायरमध्ये २४-२६ पाउंड हवा. दुपारी मोजली तर पाच-सहा पाउंड जास्त दिसते, आणि लोक घाबरून सोडायचे. तिथेच घात. हवा कमी झाली की टायरची भिंत जास्त वाकते, जास्त वाकली की आणखी तापते, आणि तासाभरात फुटतो. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडायची नाही. भार जास्त असेल तर उलट सकाळीच दोन-चार पाउंड जादा भरायची.

बंपरला लावायचा जॅक वाळूत रुततो. फूटभर लांबीची जाड फळी डिकीत हवीच, नाहीतर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो. रस्त्याकडेची वाळू दिसते त्यापेक्षा मऊ असते. टायर बदलायचा असेल तर फुटक्या टायरवर पन्नास यार्ड कडक जागेपर्यंत गेलेलं परवडतं. ट्यूब मरेल, पण गाडी रुतणार नाही.

मृगजळ

मग निघायचं कधी? रात्री?

घाटवाट

पहाटे तीन-चारला नीडल्स सोडायचं. पहिला चढ गारव्यात निघतो. पश्चिमेकडे जाताना सकाळचं ऊन पाठीवर, दुपारी निघालात तर तेच डोळ्यांत. पंचेचाळीसच्या वेगानं, थांबे धरून आठ-साडेआठला बारस्टो. पूर्ण रात्रीचा प्रवासही लोक करत, पण ६ व्होल्टचे दिवे मंद, आणि बंद पडलात तर मदत उजाडल्यावरच. टाकी १६ गॅलनची, गाडी गॅलनला पंधरा मैल धरली तरी दीडशे मैलांना दहा गॅलन पुरतात. म्हणजे नीडल्सला पूर्ण भरली तर मध्ये पेट्रोलसाठी थांबायची गरजच नाही. तापलेलं इंजिन बंद करायची वेळच येऊ द्यायची नाही.

तेलकट_हात

एक थांबा टाळता यायचा नाही: डॅगेटचा कृषी तपासणी नाका. कीड राज्यात येऊ नये म्हणून बाहेरची फळं, रोपं काढून घेत. डिकी उघडायला लावत. रांगेत इंजिन मंद फेऱ्यांवर, पुढे हवा नाही, म्हणजे व्हेपर लॉकला पोषक वातावरण. संत्री-लिंबं आधीच खाऊन संपवायची, सामान असं लावायचं की फळांची टोपली वरच हाताला लागेल, आणि रांगेत शिरायच्या आधी पंपावर ओलं फडकं बांधून घ्यायचं.

धुळीचं वादळ आलं तर रस्ता सोडून पूर्ण कडेला, दिवे बंद, गाडीची पाठ वाऱ्याकडे. दिवे चालू ठेवले तर मागचा चालक त्यांनाच रस्ता समजून अंगावर येतो. वादळानंतर ऑइल-बाथ एअर क्लीनर (इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ तेलात अडकवणारी गाळणी) उघडायचा: तळाच्या तेलाचा चिखल झालेला असतो. वाटी पुसून नवं तेल खुणेपर्यंतच. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि मागून निळा धूर.

ओली_माती

आणि अँबॉयच्या पूर्वेला ते लाकडी पूल लागतात ना, त्यांच्याखालचे ओहोळ कोरडे दिसले म्हणून सावलीला त्यात गाडी उतरवायची नाही. पाऊस वीस मैलांवरच्या डोंगरात पडतो, इथे ऊनच असतं, आणि पाणी गाळ-दगड घेऊन एकदम येतं. रस्त्याच्या बुडक्या भागावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. बहुधा तास-दोन तासांत ओसरतं. ओसरल्यावर आधी चालत जाऊन डांबर जागेवर आहे का ते काठीनं तपासायचं, मग गाडी घालायची.